मेंढरांचा पत्ता

"मॅडम, तुमची मेंढरं साइट सोडून चालली आहेत."

ऑफिसात शिरून मी अजून पर्ससुद्धा खाली ठेवली नव्हती, तोवर पुण्याहून हा फोन. करणारे होते मिहिर देवधर, एका कंपनीच्या लीगल विभागातले तरुण वकील. आवाजात इतकी काळजी, की मेंढरं त्यांच्याच गोठ्यातून सुटली असावीत.

"चालली आहेत म्हणजे?"

"परवा कर्जतच्या हद्दीत होती. आज श्रीगोंद्याच्या बाजूला दिसतायत. आमच्या सिस्टिमवर सगळं येतं, मॅडम. हा सरळ सरळ ब्रीच आहे."

ब्रीच म्हणजे करारभंग. माझ्या धंद्यात हा शब्द सकाळी सकाळी ऐकला की दिवस गेलाच म्हणून समजायचं.

मी विद्यापीठात संशोधन करारांचा विभाग सांभाळते. माझ्या सासूबाईंना अजून वाटतं की मी रस्त्यांची कॉन्ट्रॅक्टं देते. तसं काही नाही. एखादी कंपनी विद्यापीठाला म्हणते, चला, मिळून अमुक संशोधन करू. मग खर्च कोण करणार, यंत्रं कुणाची, निष्कर्ष कुणाचे, काही बिनसलं तर कोणी निस्तरायचं, हे आधी कागदावर यावं लागतं. तो कागद आमचा विभाग तयार करतो. शास्त्रज्ञांना तो कागद नकोसा असतो आणि वकिलांना संशोधन. मी दोघांच्या मधे बसते आणि दोघांकडचा चहा पिते.

हा करार मेंढरांच्या पट्ट्यांचा होता. आमच्या पशुशास्त्र विभागात डॉ. नाझनीन शेख आहे, जामखेडची मुलगी. तिकडचे धनगर दिवाळी झाली की मेंढरं घेऊन गाव सोडतात आणि चारापाण्याच्या मागे पावसाळ्यापर्यंत चालत राहतात. या चालण्यात गाभण मेंढीचे किती हाल होतात, ती कुठे थांबते, कोकरं कशाने दगावतात, हे नाझनीनला मोजायचं होतं. कंपनीने मेंढीच्या गळ्यात बांधायचे पट्टे बनवले होते. पट्ट्यात जीपीएस, म्हणजे प्रत्येक मेंढी मोबाईलच्या नकाशावर एक ठिपका. कंपनीला पट्टे खऱ्याखुऱ्या कळपावर वापरून बघायचे होते, नाझनीनला माहिती हवी होती. दोघांचं जमलं.

अवघड होतं ते कळप मिळणं. सावळाराम कोळपे आणि त्यांची बायको भागाबाई यांच्याकडे नाझनीन दोन वर्षं जात होती. मेंढरांना लस टोचायची, भागाबाईंची बोलणी खायची, परत जायची. तेव्हा कुठे त्यांनी पट्टे बांधू दिले.

घोळ झाला तो 'साइट' या शब्दात. जिथे काम चालणार आणि जिथे यंत्रं राहणार, ती जागा म्हणजे साइट. कंपनीच्या ऑनलाइन टेम्प्लेटमध्ये त्या रकान्यात पिनकोड भरल्याशिवाय पुढचं पानच उघडत नव्हतं. नाझनीनने कोळप्यांच्या गावाचा पिनकोड टाकला. तो मी वाचला, देवधरांनी वाचला, आमच्या डायरेक्टरसरांनी खाली सही केली. मागे जोडलेल्या संशोधन आराखड्यात होतं, 'मेंढ्या स्थलांतर करत असताना.' मुख्य करारात होतं, 'यंत्रं साइटबाहेर जाता कामा नयेत.' इतक्या शिकलेल्या माणसांतल्या एकालाही शंका आली नाही.

"देवधर, जोडलेला आराखडा वाचा ना," मी म्हटलं. "मेंढरं चालणार हे त्यात आहे. चालणं हाच तर अभ्यास आहे."

"वाचलाय. पण मॅडम, आराखडा आणि मुख्य करार यांत फरक निघाला तर मुख्य करार धरायचा, असा क्लॉज आहे."

खरं होतं. असा क्लॉज मीही प्रत्येक करारात घालून घेते.

"शुक्रवारपर्यंत पट्टे साइटवर आले पाहिजेत," देवधर म्हणाले, "नाहीतर आम्हाला करार रद्द करून ते परत न्यावे लागतील."

गंमत म्हणजे त्याच कंपनीचे इंजिनिअर खुशीत होते. पट्टे इतके दिवस धूळ, काटे, ऊन सोसून चालू आहेत म्हणून ते नाझनीनला मोबाईलवर रोज अंगठे आणि फुलं पाठवत होते. एकाच मजल्यावर, एकच नकाशा बघून, अर्धी माणसं टाळ्या वाजवत होती आणि अर्धी कपाळाला हात लावत होती.

दुपारी डायरेक्टरसरांच्या केबिनमध्ये मीटिंग झाली. देवधर स्पीकरवर. आमचे सर भला माणूस, पण भांडणाचा वास आला की त्यांना लगेच मधला मार्ग सुचतो.

"कळप परत बोलवा की," सर म्हणाले.

"परत बोलवून खायला काय घालू, सर?" नाझनीन म्हणाली. "तिकडे आत्ता नुसता खडक आहे."

"मग असं करा. पट्टे काढा आणि आपल्या फार्मवरच्या मेंढ्यांना बांधा. साइट विद्यापीठ. कंपाउंड आहे, वॉचमन आहे. मेंढी ती मेंढी."

"हे आम्हाला चालेल," स्पीकरमधून ताबडतोब आवाज आला.

नाझनीन एरवी बोलायला लागली की थांबवावं लागतं. त्या दिवशी ती टेबलाकडे बघत हळूच म्हणाली, "सर, आपल्या मेंढ्या गोठ्यातून गव्हाणीपर्यंत जातात आणि परत येतात. ते खिडकीतून दिसतं." तिचे डोळे भरले होते. पट्टे एकदा निघाले असते तर कोळप्यांनी पुन्हा बांधू दिले नसते, आणि तिची दोन वर्षं फुकट गेली असती. करार मात्र कागदावर ठणठणीत राहिला असता, अगदी वेळेत पूर्ण झालेला.

मला संताप आला. कुणी वाईट वागत नव्हतं, त्याचाच जास्त आला. सगळे समजूतदारपणे मिळून एका चांगल्या कामाचा गळा दाबत होते.

"देवधर," मी म्हटलं, "करारात कंपनीला यंत्रांची पाहणी करायचा हक्क आहे. काही ठरवायच्या आधी तो वापरा. उद्या या."

"म्हणजे जामखेडला?"

"यंत्रं जिथे आहेत तिथे."

दुसऱ्या दिवशी ते आले. इस्त्रीचा शर्ट, पॉलिश केलेले बूट, पाठीला लॅपटॉप. विद्यापीठाच्या जीपमध्ये नाझनीन, मी आणि ते. श्रीगोंद्याच्या पुढे रस्ता सांगायचं काम आपोआप त्यांच्याकडे गेलं, कारण नकाशा त्यांच्या मोबाईलवर होता. सुरुवातीला ते नाराजीने "लेफ्ट", "राइट" म्हणत होते. कच्चा रस्ता लागल्यावर मात्र पुढे वाकून बसले. "थांबा, थांबा, हलतायत! ओढा ओलांडतायत!" असं ओरडले, तेव्हा ड्रायव्हरसुद्धा हसला.

मका काढलेल्या एका रानात वाडा पडला होता. धनगरांचा वाडा म्हणजे त्यांचा फिरता मुक्काम: जाळ्यांचं कुंपण, दोन घोडी, कोंबड्यांची डालगी, तीन दगडांची चूल. मेंढरांची लेंडी रानाला खत म्हणून मिळते, म्हणून शेतकरी स्वतःच त्यांना बोलवून बसवून घेतात. मेंढरं नुकतीच ओढ्यावरून परतली होती. भागाबाईंनी नाझनीनला बघून आधी ती वाळली म्हणून झापलं, मग चहा ठेवला.

देवधरांनी कामाला हात घातला. "कोळपे, तुम्ही पट्टे घेऊन साइट सोडायला नको होती."

सावळाराम नाझनीनकडे वळले. "काय सोडाया नको हुतं म्हनत्यात?"

"गाव," ती म्हणाली.

"गाव? आन् मेंढरांनी खायाचं काय, सायेब? दिवाळी झाली की आमी निगतोच. माजा बापबी निगायचा."

"ह्यांनाच म्हनावं ऱ्हावा तिथं चार म्हैनं," भागाबाई चुलीपासून म्हणाल्या. "पानी टँकरनं येतंय. तेबी आलं तर आलं."

देवधर ओशाळले. मला बाजूला घेऊन म्हणाले, "मॅडम, मी काही दुष्ट नाही हो. पण उद्या ऑडिटमध्ये विचारलं, यंत्रं कुठे आहेत, तर मी काय लिहू? काहीतरी हद्द लागते. 'महाराष्ट्रात कुठेतरी' असं लिहून कसं चालेल?"

त्यांचं म्हणणं रास्त होतं. कालच्या फोनपासून पहिल्यांदाच मला तो मुलगा आवडला. आम्ही दोघं गोणपाटावर बसून शेळीच्या दुधाचा चहा पीत राहिलो. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "या पट्ट्यांच्या आधी तुमची कंपनी काय करायची?"

"दुधाचे टँकर. आमचा मूळ धंदा तोच. इकडे संगमनेर, राहात्याकडे बरेच टँकर आमच्या ट्रॅकरवर आहेत."

"त्या करारात साइट काय लिहिता?"

"त्यात साइट कशी असेल? टँकर फिरता असतो. तिथे आम्ही टँकरचाच नंबर..."

ते थांबले. कप ओठांपाशी तसाच राहिला.

"कळप!" नाझनीन ताडकन उठली. "साइट म्हणजे कळप, असं लिहा ना! पट्टा मेंढीवर आहे आणि मेंढी कळपात आहे, म्हणजे यंत्र साइटवर आहे!"

देवधरांनी लॅपटॉप काढला आणि तिथेच मांडीवर अमेंडमेंट लिहायला घेतली. अमेंडमेंट म्हणजे झालेल्या करारात दोघांच्या संमतीने केलेली दुरुस्ती. 'साइट: सावळाराम कोळपे यांच्या ताब्यातील कळप, तो ज्या दिवशी जिथे मुक्कामास असेल ती जागा.' पिनकोड नाही.

वकील तो वकील. लगेच पुढचा प्रश्न आला. "आणि मेंढी विकली तर?"

"इकायच्या आदी पट्टा काडून ठिवू," भागाबाई म्हणाल्या. "गिऱ्हाईक काय दागिन्यासकट नेतंय व्हय?"

तेही लिहिलं गेलं. "पट्टा हरवला तर जबाबदारी कोळप्यांची," असं पुटपुटत त्यांनी पुढची ओळ टाइप करायला घेतली, तेव्हा मात्र मी अडून बसले.

"ती ओळ नको. कोळप्यांची या करारावर सही नाही. ते आपल्यावर उपकार करतायत. त्यांच्या अंगावर काहीही टाकायचं नाही."

"पण कुणीतरी जबाबदार असायला हवं ना, मॅडम?"

"लांडग्यानं मेंढी नेली," भागाबाई मधेच म्हणाल्या, "तर पट्टा मागाया त्याच्याकडं कोन जायाचं? हे सायेब?"

देवधर त्या दिवसात पहिल्यांदा खळखळून हसले. सगळ्या करारांत एक क्लॉज असतो, माणसाच्या हातात नसलेल्या आपत्तींचा. अशा आपत्तीत नुकसान झालं तर कुणालाच दोषी धरत नाहीत. आमच्या करारात त्या क्लॉजमध्ये पूर, भूकंप आणि युद्ध आधीपासून होतं. देवधरांनी स्वल्पविराम दिला आणि पुढे लांडगा घातला.

शुक्रवारी कागद डायरेक्टरसरांच्या टेबलावर गेला. ते चष्मा लावून वाचत होते, मधेच थांबले.

"साळवे मॅडम, पूर, भूकंप, युद्ध... लांडगा?"

"स्थानिक परिस्थिती, सर."

"कमिटीने विचारलं तर काय सांगू?"

"त्यांनाही वाड्यावर चहाला घेऊन जाऊ."

सरांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा नाझनीनकडे, आणि सही केली. बाहेर आल्यावर नाझनीनने मला कॉरिडॉरमध्येच मिठी मारली. मी या वयात आणि या पदावर कॉरिडॉरमध्ये मिठ्या मारत नाही, पण त्या दिवशी मारली.

पुढे कळप भीमा ओलांडून पलीकडच्या जिल्ह्यात गेला, तिथून आणखी खाली उतरला. कुणाचा फोन आला नाही. पाऊस पडून मेंढरं गावी परतेपर्यंतच्या पूर्ण चालीची माहिती नाझनीनच्या हाती लागली, आणि आता तिच्याशी बोलायला बसलं की ती उठू देत नाही. एक पट्टा खरंच लांडग्याबरोबर गेला. देवधरांनी त्याची रीतसर नोंद केली आणि मला प्रत पाठवली. खाली त्यांनी एवढंच लिहिलं होतं: 'क्लॉजनुसार. कुणाकडूनही वसुली नाही.'

माझ्या विभागात नवीन माणूस आला की मी त्याला कायद्याची पुस्तकं नंतर देते. आधी सांगते, करारात जागेचं नाव लिहिण्यापूर्वी एकदा तिथे जाऊन ये. आणि गेल्यावर जागा तिथे नसेल, तर ती कुठे गेली ते विचार.