तिने सांगितलेली मालिका

माझी पत्नी गेल्याचं या वर्गणी घेऊन मालिका दाखवणाऱ्या कंपन्यांना अजून कुणी कळवलेलं नाही. तिच्या फोनवर त्यांचे निरोप येतच असतात. एक म्हणते, ‘तुमची फार आठवण येते.’ दुसरी म्हणते, ‘परत या, तुमच्यासाठी खूप काही आणलंय.’ भेटायला येऊन गेलेल्या नातेवाइकांनाही इतका कळवळा जमला नव्हता.

कॉलेजात मी अर्थशास्त्र शिकवत असे. विक्रेते वाढले, त्यांच्यात चढाओढ लागली, की गिऱ्हाइकाचं भलं होतं, हे मी फळ्यावर आकृती काढून सिद्ध करायचो. फळ्यावर ते खरंच होतं. पण दोन दुकानदार एकच साखर विकतात तेव्हा चढाओढ होते. इथे एकाने साखर कोंडून ठेवली आहे, दुसऱ्याने पत्ती, तिसऱ्याने दूध. आणि तिघेही दारात उभे राहून चहाला बोलावतात. आमच्या वडगावात पूर्वी केबलवाला होता. मॅच रंगात असताना चित्र गेलं की गल्लीतले विणकर माग बंद करून त्याच्या घरी जात आणि त्याला शिव्या घालत. तो लबाडच होता, पण त्याला दार होतं.

दिवेलागणीला आम्ही दोघं एक कन्नड मालिका बघायचो. पत्नी निपाणीजवळच्या बोरगावची; कन्नड तिला माहेरचं. माझं कन्नड भाजीचा दर आणि बसची वेळ यापलीकडे कधी गेलं नाही. म्हणून मालिकेतले लोक बोलत आणि ती मला मराठीत सांगत जाई. कॉफीच्या मळ्यातल्या बंगल्यात मालकाचा खून झालेला. फौजदार एकेकाला विचारत फिरतो, आणि खून कुणी केला ते फक्त स्वयंपाकिणीला ठाऊक असतं. ही बाई फार तिखट बोलायची.

“म्हणतीया, सायेब, वर्दी इस्त्रीची घातलाय, पर डोस्कं घरी इसरून आलाय व्हय?”

“एवढं सगळं? ती तर दोनच शब्द बोलली.”

“कन्नडात दोनात भागतंय. तुमच्या मराठीला पाल्हाळ लागतंय, त्याला मी काय करू?”

शेवटचे काही भाग राहिले आणि ती गेली. दिवसकार्य उरकल्यावर मला एकच गोष्ट जाणून घ्यायची होती: त्या स्वयंपाकिणीने अखेर खुन्याचं नाव सांगितलं का. टीव्ही लावला, तर मालिका जागेवर नव्हती. दुसऱ्या कंपनीने ती जास्त बोली लावून उचलली होती. पुण्याच्या मुलीने फोनवरूनच तिथली वर्गणी भरून दिली. पैसे घेऊनही त्यांनी आधी सिमेंटची जाहिरात दाखवली आणि मग मोठ्या ऐटीत कळवलं, ‘आता तुमच्या भाषेत!’

त्या दिवशी धाकटी मेहुणी बोरगावहून आली होती. दोघं बसलो. धागा जुळावा म्हणून मी आधी एक बघितलेला भाग लावला. फौजदार स्वयंपाकघरात आला. स्वयंपाकीण बातम्या देणाऱ्या बाईच्या आवाजात म्हणाली, “चहा आणू का, साहेब?” आणि कप ठेवून निघून गेली.

मला वाटलं, यांनी मराठी करताना बाईचं बोलणंच कापलं. या लोकांबद्दल माझं मत असं झालं होतं की दुसरं काही सुचलंच नाही. मी कन्नड आवाज लावला आणि मेहुणीला म्हटलं, “नीट ऐक. काय म्हणाली?”

“चहा आणू का म्हणाली, दाजी. दुसरं काय म्हणंल?”

“आणि खुनी कोण ते तिला माहीत आहे, ते?”

“तिला कुठलं म्हाईत?” मेहुणीने माझ्याकडे बघितलं आणि पदर तोंडाला लावून हसू लागली. “आक्कानं सांगितलं व्हय हे? आमच्या आप्पांना कन्नड पेपर वाचून दाखवायची, तवा बी मनच्या बातम्या घालायची. आप्पा गावभर त्याच सांगत फिरायचे.”

शेवटचे भागही बघितले. स्वयंपाकीण त्यात नव्हतीच. फौजदाराने मळ्यात मारामारी केली, मालकाच्या पुतण्याला बेड्या घातल्या, आणि खरा खुनी दुसराच असल्याचं सुचवून पडदा काळा झाला. बाकीचं पुढच्या वर्षी. तोवर वर्गणी चालू ठेवा. शेवट दाखवायचा नसतो, टांगून ठेवायचा असतो, एवढा एकच धडा या कंपन्यांनी एकमेकींकडून मन लावून घेतलेला दिसतो. आणि जिच्यासाठी त्यांनी एकमेकींचे गळे धरले ती गोष्ट ही इतकी टाकाऊ! माझ्या घरात रोज संध्याकाळी याहून कितीतरी चांगली चालू होती.

मेहुणी जायला उठली. मी तिला बसवलं, तो स्वयंपाकघराचा भाग पुन्हा लावला आणि आवाज पूर्ण बंद केला. कप घेऊन स्वयंपाकीण आत आली. तिचे ओठ हलले.

“काय म्हणतेय ती?”

“चहा...” मेहुणी थांबली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, “म्हणतीया, सायेब, आदी बूट भाईर काढा. मग खुनाचं इचारा.”