रिकामा स्लॉट

“आठ जीबी होती. शेवटचं तुमीच उघडलं होतं की,” सुजाताताई म्हणाल्या आणि लॅपटॉप स्वतःकडे ओढला.

स्क्रीनवर रॅम चार जीबी दिसत होती.

सोलापूरच्या पूर्व भागात माझं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान आहे. सुजाताताई घरी बसून चादरी आणि टॉवेलची डिझाइन्स करून कारखान्याला देतात. मोठ्या चादरीची फाइल उघडली की त्यांचा लॅपटॉप अडकायचा, म्हणून त्या रॅम वाढवायला आल्या होत्या. रॅम म्हणजे चालू काम धरून ठेवणारी मेमरी. फाइल साठवायची जागा वेगळी. रॅम कमी पडली की मशीन हळू होतं.

त्यांच्या मॉडेलमध्ये चार जीबी बोर्डलाच पक्की बसवलेली असते, काढता येत नाही. आणखी चारची पट्टी शेजारच्या स्लॉटमध्ये बसते. मी त्यांच्यासमोरच मागचं कव्हर उघडलं आणि स्लॉटवरचं पत्र्याचं झाकण काढलं. स्लॉट रिकामा.

“श्रावणात कीबोर्ड बदलला तवा दोन दिवस हितंच होता लॅपटॉप.”

“ताई, मी रॅमला हात लावला नव्हता.”

“मग पाय फुटले का तिला?”

बाकावरची दोन गिऱ्हाइकं मोबाइलमधून डोकं काढून बघायला लागली. अशी गोष्ट आमच्या भागात संध्याकाळपर्यंत चार गल्ल्या फिरते. खरं सांगायचं तर मलाही त्यांचा संशय आला. स्वतःच पट्टी काढून नवी फुकट मागणारं गिऱ्हाईक मी पाहिलेलं आहे.

मशीन उघडलं की मी फोटो काढून ठेवतो. श्रावणातला फोटो सापडला, पण त्यात स्लॉटवरचं झाकण लावलेलंच होतं.

“झाकणाखाली होती का नव्हती, कसं कळणार?” त्या म्हणाल्या. बरोबरच होतं त्यांचं.

मग मला लॉग आठवला. त्यांचं डिझाइनचं सॉफ्टवेअर दर वेळी सुरू होताना एका फाइलमध्ये नोंद करतं: तारीख, वेळ, मशीनमध्ये मेमरी किती. ती फाइल सहसा कोणी उघडत नाही. मी ती उघडली आणि स्क्रीन त्यांच्याकडे फिरवली. “तुम्हीच वाचा.”

श्रावणानंतर आठ. दिवाळीत आठ. होळीच्या आदल्या दिवशीही आठ. मग पाच दिवस नोंदच नाही. सहाव्या दिवशी चार.

“हे पाच दिवस लॅपटॉप कुठं होता?”

“घरी. मी भिवंडीला गेलते, माहेरी.”

त्यांनी त्या ओळी पुन्हा एकदा बोट ठेवून वाचल्या. घरी कोण होतं, हे मी विचारलं नाही. त्या पायरीवर जाऊन फोनवर त्यांच्या घरच्या तेलुगूत बोलल्या. मला फक्त ‘रॅम’ एवढंच समजलं. आत आल्या, “उद्या येते” म्हणाल्या आणि लॅपटॉप घेऊन गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पर्समधून कागदात गुंडाळलेली पट्टी काढली.

“दिरांनी त्यांच्या लॅपटॉपला लावली होती. म्हणे, तुला काय, डिझाइनंच तर काढायची असतात.” मग म्हणाल्या, “दोन ऑर्डरी गेल्या माझ्या. मला वाटायचं, माझाच हात हळू झालाय.”

मी माझ्याकडची टेस्टिंगची मोठी पट्टी लावली आणि त्यांची सगळ्यात मोठी फाइल उघडून किती रॅम वापरली जाते ते दाखवलं. नऊच्या आसपास.

“बोर्डवरची चार, स्लॉटमध्ये आठची पट्टी. बारा होतात. पुरे आहेत.”

“सोळाची का नको? कमी का सांगताय?”

“लागत नाही म्हणून.”

त्यांनी आकडा स्वतः पाहिला, आणखी दोन फाइली उघडल्या, मग म्हणाल्या, “लावा आठची.”

जुनी पट्टी त्यांनी पुन्हा कागदात गुंडाळली. “ही दिरांनाच देते. पण आता मी दिली म्हणून लावतील.”

माझ्यावर घेतलेल्या संशयाबद्दल त्या काही बोलल्या नाहीत. मलाही त्यांचा संशय आला होता, ते मी सांगितलं नाही.

तेव्हापासून स्क्रू काढण्याआधी मी गिऱ्हाइकालाच स्क्रीनवरची मेमरी वाचायला लावतो आणि जॉब कार्डवर त्यांच्याच हातानं लिहून सही घेतो. जुनी गिऱ्हाइकं चिडतात, “आमच्यावर विश्वास नाही का?” विचारतात. मी पेन पुढे करतो.