सहचरी

‘चर्’ म्हणजे चालणे. जी सह, म्हणजे बरोबरीने, चालते ती सहचरी. संस्कृताने प्रिय पत्नीला दिलेल्या या नावाचा अर्थ मी धायरीच्या सोनबांना त्यांच्या लग्नाच्या सुवर्णमहोत्सवात सांगितला, तेव्हा मथुराबाई पदराआड हसल्या. “बरोबरीनं? म्या तर जलमभर ह्यांच्या मागंच चालले.”

सोनबा मात्र हसले नाहीत. शेताच्या जागी इमारती उभ्या राहिल्या, सून निशा हिंजवडीला संगणकाच्या कंपनीत जाऊ लागली, तरी मथुराबाईंची मागून चालण्याची रीत सुटली नव्हती. गेल्याच महिन्यात त्या रस्त्यात पडल्या, आणि पुढे गेलेल्या सोनबांना ते कळलेही नव्हते.

सुवर्णमहोत्सवाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी फिरायला निघालेले सोनबा त्यांच्यासाठी थांबले. सवयीने मथुराबाईही मागेच थांबल्या.

“अगं, ये की!”

“तुमी व्हा पुढं. लोक बघत्यात.”

कंपनीच्या बसची वाट पाहणारी निशा म्हणाली, “बघू द्या हो, आई!”

सोनबा मागे वळले आणि मथुराबाईंच्या शेजारी येऊन उभे राहिले. “चल आता, तुझ्या दमानं.”

मथुराबाईंनी पाऊल उचलले. मगच सोनबांनी उचलले.