थांबून राहणारा खेळ

माझ्या थोरल्या भावाला गेल्या पावसाळ्यात अर्धांगवायूचा झटका आला आणि उजव्या हाताबरोबर त्याचे शब्दही गेले. समजत सगळं होतं, बोलता येत नव्हतं. पारगावच्या उसाच्या पट्ट्यात त्याच्याइतका बोलका माणूस दुसरा नव्हता, त्यामुळे ही शिक्षा नेमकी निवडून दिल्यासारखी वाटली. पुतणीचा साखरपुडा तीन महिन्यांवर होता. पाहुण्यांचं स्वागत मुलीच्या बापाने करायचं, असा आमच्याकडचा रिवाज. ते काम घरच्यांनी माझ्याकडे दिलं. हे ठरत असताना दादा समोरच बसला होता. त्याला कोणी विचारलं नाही.

मी जुन्नरहून त्याच्याकडे मुक्कामाला गेलो. त्याला बोलतं ठेवा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. पण सकाळपासून भेटायला येणारी माणसं त्याच्या वाट्याचंही स्वतःच बोलून जात. त्याने "च" म्हटलं की वहिनी "चहा ना?" म्हणून उठत. बहुतेक वेळा त्याला चष्मा हवा असे.

संध्याकाळी मात्र घर शांत. उसात बिबट्या, त्यामुळे दिवस मावळला की कोणी कोणाकडे जात नाही. एवढ्यापुरता मी बिबट्याचा ऋणी आहे. त्या वेळात आम्ही पुतणीने पुण्याहून आणलेला एक जपानी व्हिडिओ गेम खेळू लागलो. अंतराळयानातली एक टोळी ग्रहोग्रही फिरते, लोकांशी बोलते, राक्षसांशी लढते आणि शेवटी विश्व वाचवते. संवाद इंग्रजीत लिहून येत, ते मी मराठीत वाचून दाखवी. दादा मान हलवेल तेव्हाच मी बटण दाबायचं, असा करार होता.

खेळात दोष भरपूर. एका ग्रहावर एकच गाव आणि एकच हवामान. आमच्याकडे पश्चिमेला भातखाचरं तुडुंब भरलेली असताना पूर्वेला लोक टँकरची वाट बघतात. एवढी विविधता त्या अख्ख्या आकाशगंगेत नव्हती. विश्व बुडायला आलेलं असताना नायक कुणाचं तरी हरवलेलं मांजर शोधत हिंडतो. यान हवं तिथे उतरत नाही, एसटीसारखे त्याचे थांबे ठरलेले. आणि खलनायक मरण्याआधी जेवढं बोलतो, तेवढं आमच्याकडे फक्त सत्कारमूर्ती बोलतात.

पण पडद्यावर चौकोनात आलेलं वाक्य बटण दाबेपर्यंत थांबून राहतं. घाई करत नाही, पुढचा शब्द सुचवत नाही. प्रश्न विचारला तर उत्तराला दहा मिनिटं लागली तरी वाट बघतं. हे मला, सख्ख्या भावाला, जमलं नव्हतं. तो संवादाचा चौकोन ज्या कुणी बनवला, त्या अनोळखी जपानी माणसाचे मी मनापासून आभार मानतो.

पहिला शब्द आला तो रागात. अशा खेळांत कुणाच्याही घरात शिरायचं, पेटी उघडायची आणि आतलं औषध नाहीतर तलवार घेऊन चालू लागायचं, अशी पद्धत आहे. घरातली बाई समोर उभी असते आणि हवापाण्याचं बोलत राहते. मी पेटीपाशी पोचलो तसं दादाने डाव्या हाताने माझं मनगट धरलं.

"न्हाई," तो म्हणाला. मग बराच वेळ ओठ हलवून, "पर... परक्याचं हाय."

वहिनी स्वयंपाकघरातून धावत आल्या. "काय म्हणले? भावजी, काय म्हणले?"

"चोरी करू नको म्हणतोय."

"मंग करताय कशाला, एवढं शिकून-सवरून!" वहिनी म्हणाल्या आणि स्वयंपाक तसाच टाकून दादाशेजारी बसल्या.

त्यानंतर आम्ही एकही पेटी उघडली नाही. परिणामी आमची टोळी त्या आकाशगंगेतली सर्वांत प्रामाणिक आणि सर्वांत दुबळी ठरली. एका दगडी राक्षसाने आम्हाला नऊ वेळा आपटलं. उपाय एकच होता: गावाबाहेरच्या रानात बारीकसारीक प्राणी मारून ताकद वाढवायची. तेच ते, रोज. मला वाटतं हाच या खेळाचा सर्वांत मोठा दोष. दादाला तोच भाग सगळ्यात आवडला. जन्मभर तण उपटलेल्या माणसाला त्यात नवीन काही नव्हतं. "हान," तो म्हणायचा. काही दिवसांनी, "डावीकडं." आणि एकदा, पुतणी फोनवर असताना, "मागं फिर राव, मरशील!" पलीकडून तिने ते वाक्य मला तीनदा पुन्हा म्हणायला लावलं.

साखरपुड्याला मंडपात पाऊण तास सत्कार चालले. शाल, श्रीफळ, फेटा, आणि प्रत्येक फेट्याखाली एक भाषण. मग निवेदकाने स्वागतासाठी माझं नाव पुकारलं. दादाने खुर्चीतूनच डावा हात पुढे केला.

"दादांच्या वतीनं मीच दोन शब्द..." निवेदक घाईने म्हणाला.

"माइक त्याला द्या," मी म्हणालो.

"पावणं," दादा म्हणाला आणि अडकला. वहिनींच्या ओठांवर पुढचा शब्द आलेला मला दिसला. त्यांनी तो गिळला. मी माझ्या चपलांकडे बघत राहिलो. मागे खुर्च्या करकरल्या.

"लेक माजी... लई गुनाची हाय." त्याचे ओठ हलत राहिले. "संबाळा."

त्याने माइक सोडला नाही, म्हणून कोणी टाळ्याही वाजवल्या नाहीत.

"आन् जेवून जावा."

मुलाचे वडील उठले आणि दादाशेजारच्या खुर्चीत येऊन बसले. "बोला दादा," ते म्हणाले, "आजून काय सांगायचंय?"

दादाला बरंच सांगायचं होतं. दुसरी पंगत उठली तरी ते दोघं तिथेच बसून होते.