भाऊने जपलेली जुनी आवृत्ती

भाऊ गेल्याचा फोन सानगडीहून शेजारच्या मंदाकाकूंनी केला. वहिनींना तो करता येणं शक्यच नव्हतं. तीन वर्षांपूर्वी अर्धांगवायूने त्यांची उजवी बाजू आणि वाचा, दोन्ही नेली होती. डाव्या हाताने ताट आपटून त्यांनी काकूंना बोलावलं, पण काकू येईपर्यंत भाऊ खुर्चीतच संपला होता. भंडाऱ्याहून मी पोचले ती इथेच राहिले. आता सहा आठवडे होतील.

भाऊ माझ्याहून सात वर्षांनी मोठा, शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेला. वहिनी मुळात बोलक्या. त्या गप्प झाल्यावर भाऊने कुठूनसा एक जुना, फुकटचा प्रोग्राम शोधून घरच्या कॉम्प्युटरवर बसवला. पडद्यावर चित्रं दिसायची आणि चित्रावर क्लिक केलं की त्याचं वाक्य ऐकू यायचं. वाक्यं मात्र आपणच रेकॉर्ड करायची. भाऊने ती स्वतःच्याच आवाजात भरली. ‘मले पानी पायजे.’ ‘पाय दुखून राह्यला.’ ‘शोभाले फोन लावा,’ म्हणजे मला. अशी चाळीसेक. मला हसू आलं होतं.

“भाऊ, वहिनी आता तुझ्या आवाजात बोलणार?”

“मंग कोनाच्या बोलीन? एवढे वर्सं माह्याशीच त बोलली,” तो म्हणाला.

भानगड अशी की तो प्रोग्राम जावा नावाच्या सॉफ्टवेअरच्या आधाराने चालायचा, तेही जुन्याच आवृत्तीवर. भाऊ मुलांसाठी सरावाच्या प्रश्नपत्रिका ज्यावर बनवायचा, तो प्रोग्राम मात्र नवी आवृत्ती मागायचा. म्हणून एकाच कॉम्प्युटरवर दोन्ही ठेवलेल्या, आणि कोणत्या प्रोग्रामने कोणती वापरायची ते त्याने नेमून दिलेलं. सुटीत आले की तो त्यातच डोकं घालून बसलेला दिसायचा. जुनं काढून टाक ना एकदाचं, असं मी वैतागून म्हणायची.

“दोन जातीचे धान एका ढोलीत भरते का कोनी?” तो मान वर न करता म्हणायचा. “याले हात नोको लावजो.”

मी हात लावला... तेराव्यानंतर त्याच्या शाळेतल्या एका शिक्षकांनी प्रश्नपत्रिका मागितल्या. तो प्रोग्राम उघडला, तर त्याने आणखी नवा जावा मागितला. तो बसवताना पडद्यावर विचारलं, जुनी आवृत्ती सापडली आहे, काढायची का? माझा जन्म ऑफिसातली रद्दी काढण्यात गेला. मी ‘हो’ म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी कॉम्प्युटरपुढे बसल्या आणि चित्रं उघडेचनात. त्या क्लिक करत राहिल्या, मग माझ्याकडे वळल्या. तोंड उघडलं, आवाज नाही. भाऊ गेला त्या दिवशीही मी इतकी घाबरले नव्हते.

दोन दिवस गेले. साकोलीतला दुरुस्तीवाला म्हणाला, “ताई, इतका जुना कायले वापरता? फेका.” शेवटी टेबलाच्या खणात एक पेन ड्राइव्ह सापडला. त्याला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली, भाऊच्या गोल अक्षरात. सुमन म्हणजे वहिनी. ‘सुमन बोलते ते. आधी हे, मग नवीन. काढायचं का विचारलं तर नाही म्हणावं.’ त्यात जुनी आवृत्ती होती. मी नवी काढून दोन्ही पुन्हा त्याच क्रमाने बसवल्या. चित्रं आली. वहिनींनी चाळीसच्या चाळीस चित्रं एकामागून एक वाजवली. घरभर भाऊ बोलत होता. पंखा लाव म्हणत होता, भात मऊ कर म्हणत होता. मी स्वयंपाकघरात जाऊन पोटभर रडले.

खरं सांगते, मी थकले आहे. रोज काही ना काही सूचना येते, रोज मी ‘नाही’ दाबते. त्याहून कठीण म्हणजे गेलेला भाऊ दिवसातून दहा वेळा मला पाणी मागतो. म्हणून परवा मी वहिनींजवळ बसले. म्हटलं, “नवीन प्रोग्राम आहे, वहिनी. त्यात बाईचा आवाज आहे, छान आहे. ही रोजची कटकट संपेल. बसवू का?”

वहिनींनी डाव्या हाताने माऊस हळूहळू सरकवत कोपऱ्यातल्या चित्रावर नेला.

“नोको,” भाऊ म्हणाला.