कपाटाची किवी

सिद्राम गेल्याची बातमी आली तेव्हा आमच्या घरात भिंतींना चुना लावायचं काम चाललं होतं. नवरात्र चार दिवसांवर आलेलं. माझं पुस्तकांचं कपाट भिंतीपासून ओढून खोलीच्या मध्यावर आणलं होतं, त्याच्यावर एक जुनं धोतर पांघरलं होतं, आणि मी शाळेत निघता निघता चुनेवाल्यांना 'त्या कोपऱ्यात अजून एक हात मारा' असं बजावत होतो. तेवढ्यात दारात हुसेनचा टांगा थांबला. हुसेन माझ्या आणि सिद्रामच्याही जुन्या ओळखीचा. तो खाली न उतरताच म्हणाला, "मास्टरसाब, सिद्रामप्पा गुजर गये. सुबू दुकान खोले, गादीपो बैठे, बस..." मी 'बरं' म्हणालो. खरंच, 'बरं' एवढंच म्हणालो. मग शाळेत चिठ्ठी पाठवली, कपाटाचे काढलेले पेच ज्या वाटीत ठेवले होते ती वाटी खिडकीत सरकवली आणि टांग्यात बसलो.

लिंगायतांत माणसाला बसवूनच नेतात आणि बसवूनच मातीत ठेवतात. सिद्रामला माजघरात भिंतीशी मांडी घालून बसवलं होतं. कपाळावर विभूतीचे ठसठशीत पट्टे, गळ्यात हार, आणि मान कलू नये म्हणून हनुवटीखालून घेतलेली पांढऱ्या कापडाची पट्टी मागे भिंतीतल्या खुंटीला बांधलेली. माणसं येत होती, पाया पडत होती, आतल्या खोलीत बायका कानडीत बोलून बोलून रडत होत्या. मी मात्र त्या खुंटीकडे बघत उभा होतो. खुंटी पक्की आहे ना, भार पेलेल ना, हाच एक विचार डोक्यात. शाळेपासूनचा मित्र समोर बसला होता आणि मला खुंटी दिसत होती. आज याला सात आठवडे होऊन गेले. रडू तेव्हाही आलं नाही, नंतरही नाही. लोक म्हणतात, मास्तर धीराचे आहेत. धीर वगैरे काही नाही. हात अवघडून मुंग्या येण्याआधी जसा नुसता जड होतो, तसं काहीतरी झालं आहे.

सिद्रामप्पाचं लोखंडी सामानाचं दुकान पुष्कळ सोलापूरकरांना ठाऊक असेल. खिळे, बिजागऱ्या, कड्या, कोयंडे. त्याचे वडील होटगीहून येऊन इथं स्थायिक झाले. घरात कानडी, दुकानात मराठी, आणि विणकर गिऱ्हाईक आलं की चार शब्द तेलुगूचे, असा सगळा कारभार. मराठी शाळेत आम्ही एका बाकावर होतो. पुढे मी मास्तर झालो तेव्हा सगळ्यांत जास्त हसला तो हाच. तेव्हापासून त्यानं मला नावानं हाक मारली नाही. 'मास्तर' म्हणायचा आणि वर 'तू' म्हणायचा. अंगानं आडवा, आवाजानं बारीक, आणि कुणाच्याही घरी गेला की बसायच्या आधी उभ्या असलेल्या कपाटाच्या, मांडणीच्या अंगावर पंजा ठेवून ती हलवून बघायचा. यजमान 'या, बसा' म्हणत असायचे आणि हा त्यांच्या मांडणीवरची पितळी भांडी खणखणवत असायचा. मग मान हलवायचा. "उभी हाय, पन थांबलेली न्हाय," म्हणायचा.

यावर त्याच्याकडे एक उपाय होता. बोटभर रुंदीची, काटकोनात वळवलेली लोखंडी पट्टी. दोन्ही अंगांना एकेक भोक. एक अंग कपाटाच्या माथ्यावर पेचानं बसवायचं, दुसरं भिंतीत सागवानी गिट्टी ठोकून तिच्यात. अशा दोन पट्ट्या लावल्या की कपाट पुढे कलंडायची बात नाही. ही पट्टी तो ओळखीच्या लोहाराकडून खास करवून घेई. तिला काय म्हणायचं हे कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून त्यानं आपल्या घरातला शब्द दिला... किवी. किवी म्हणजे कानडीत कान. "कपाटाचा कान भिंतीच्या हातात द्यायचा, मास्तर. तू पोरांचा धरतोस की, तसा." पुढे पुढे कानडीचं अक्षर न येणारी माणसंही दुकानात येऊन 'दोन किव्या द्या' म्हणू लागली. लग्नाचा आहेर म्हणूनसुद्धा हा किव्याच द्यायचा, तांबड्या कागदात गुंडाळून. नव्या नवरीला वाटायचं पैंजण आहेत. दुकानाचा मालक असून हातात सामता घेऊन लोकांच्या भिंतींना भोकं पाडत हिंडतो म्हणून पेठेत त्याची थट्टा व्हायची. याच्या घरात कधी काही पडलं-झडलं असेल, कुणी दगावलं असेल, असा लोकांचा तर्क होता. मी एकदा सरळ विचारलं. तसलं काही नव्हतं. "पडल्यावरच कळावं व्हय रं?" एवढंच तो म्हणाला.

आता आमच्या भांडणाकडे यायला हवं. मी माणूस हट्टी, हे माझे विद्यार्थीही सांगतील. तेव्हा कुसुम, आमची एकुलती एक मुलगी, चार वर्षांची होती. पुस्तकांचं हे कपाट नुकतंच घेतलं होतं. पुरुषभर उंच, वर काचेची दारं, खाली दोन खण, आणि जाडजूड पुस्तकं मी हौसेनं वरच्या फळीवर लावलेली. सिद्राम आला, पंजा ठेवला, हलवलं. "मास्तर, किवी लाव. आज लाव." मी म्हटलं, घर भाड्याचं आहे, मालकानं भिंतीला खिळा मारायचा नाही असं पहिल्याच दिवशी बजावलं आहे. तो म्हणाला, मालकाला मी बघतो. मी म्हटलं, तू काही बघू नकोस. चार दिवसांनी मी शाळेत असताना हा दुपारी आला आणि आमच्या मंडळींसमोर दोन भोकं पाडून दोन किव्या ठोकून गेला. उंबऱ्यावर चुन्याचा भुगा पडला होता, तो नेमका त्याच दुपारी मालकाच्या नजरेला पडला. संध्याकाळी मला बोलावणं आलं. चार भाडेकरूंसमोर, हात बांधून, वर्गातल्या पोरासारखा मी उभा राहिलो. घर सोडा म्हणाले, मग पुष्कळ विनवण्यांनंतर राहा म्हणाले. आणि किव्या काढू नका म्हणाले, काढल्यात तर भोकं दिसतील.

तिथून मी तडक दुकानात गेलो. गिऱ्हाइकं होती. मी काय काय बोललो ते सगळं आठवतं, पण लिहवत नाही. शेवटी म्हणालो, "पुन्हा माझ्या घरात पाय ठेवायचा नाही." सिद्राम खिळे तोलत होता. त्यानं तराजू खाली ठेवला. "बरं," म्हणाला. आणि मी पायरी उतरत असताना मागून, "पन किवी काढू नकोस, मास्तर."

पुढच्याच वर्षी, संक्रांतीच्या सुमारास, मी आरशासमोर दाढी करत बसलो होतो. मागे करकर आवाज झाला. आरशातच दिसलं. कुसुमनं खालचे दोन्ही खण ओढून त्यांच्या पायऱ्या केल्या होत्या, वरच्या खणात उभी राहून ती काचेच्या दाराला लोंबकळली होती. कपाटाच्या माथ्यावर तिळगुळाचा डबा होता. वरची जाड पुस्तकं एकामागून एक जमिनीवर आदळली. भिंतीवरून चुन्याचा पोपडा सुटला. कपाट करकरलं... आणि तिथंच थांबलं. साबण लागल्या तोंडानं मी पोरीला उचललं. तिला खरचटलंसुद्धा नव्हतं. ती डबा मागत होती. मी मात्र कितीतरी वेळ किव्यांकडे बघत राहिलो.

त्याच दिवशी त्याला सांगायला निघालो. दुकानाच्या कोपऱ्यापर्यंत गेलो. आत दोन माणसं होती. त्यांच्यासमोर याला तोडून बोललो होतो, आता त्यांच्यासमोरच काय सांगायचं, असं मनात आलं. माणसं तीच नव्हती, हे कळत होतं. उद्या सांगू म्हणून परत फिरलो. दुसऱ्या दिवशी परवा म्हणालो. मग ते राहिलं. रस्त्यात भेट व्हायची. "बरंय का?" "बरंय." तो क्षणभर थांबायचा, माझ्या तोंडाकडे बघायचा, आणि पुढे जायचा. अशी तेरा वर्षं गेली. कुसुमच्या लग्नाला तो आला होता, पंगतीला बसून जेवला, तांबड्या कागदाची पुडी तिच्या हातात ठेवून गेला. तो वाकून निरोप घेत होता तेव्हा सगळं जिभेवर आलं होतं. पण वरपक्षाची माणसं आली आणि मी तिकडे वळलो.

दिवाळीला कुसुम वैरागहून माहेरी आली, दहा महिन्यांच्या लेकीला घेऊन. नात हाताला लागेल ते धरून उभी राहते. परवा दुपारी मी खुर्चीत पेंगत होतो. नातीनं कपाटाच्या खालच्या खणाची कडी धरली, जोर लावून उभी राहिली, आणि वरच्या काचा वाजल्या. त्या काचा तेरा वर्षांत अशा वाजल्या नव्हत्या. मी उठलो, कपाटावर पंजा ठेवला. कपाट हललं. सहज, माझ्या एका हातानं. दोन्ही किव्या माथ्यावर तशाच होत्या, पण भिंतीकडच्या भोकांत पेच नव्हते. ते खिडकीतल्या वाटीत होते, मी ठेवले होते तिथेच.

मी नातीला बाजूला केलं आणि यमुनेला हाक मारली. यमुना म्हणजे आमच्या मंडळी. "चुनेवाल्यांनी या वर्षी पेच लावले नाहीत," मी जरा चढ्या आवाजातच म्हणालो. दर वर्षी कपाट ओढायच्या आधी चुनेवाले पेच काढून माझ्या हातात देतात, आणि चुना वाळला की दुसऱ्या दिवशी शाळेतून येईपर्यंत ते जागच्या जागी बसलेले असतात. चुनेवालेच बसवतात असं मी धरून चाललो होतो. यमुना पदराला हात पुसत कपाटाजवळ आली.

"चुनेवाल्यांनी कधीच लावले नाहीत," ती म्हणाली. "ते लावायचे."

"कोण ते?"

"सिद्रामप्पा." मग तिनं सांगितलं. चुनेवाले कुंचले त्याच्याच दुकानातून न्यायचे, त्यामुळे आमच्याकडचं काम कधी हे त्याला कळायचं. दुसऱ्या दिवशी भर दुपारी, मी शाळेत असताना, तो यायचा. दार सताड उघडं असायचं. स्वतःचं स्टूल डोक्यावर घेऊन यायचा, ते उंबऱ्याबाहेरूनच आत सरकवायचा आणि बाहेरून थेट त्याच्यावर चढायचा. "वैनी, मास्तर म्हनलाय घरात पाय ठेवायचा न्हाय. बगा तुमी, पाय स्टुलावर हायत." कपाट दाराला लागूनच आहे, त्यामुळे त्याचं ते सोंग निभत असे. दोन्ही किव्यांचे पेच आवळायचा, पंजानं कपाट हलवून बघायचा, खिडकीत ठेवलेलं ताक प्यायचा आणि जायचा. तेरा वर्षांत एकदाही चुकला नाही.

"या वर्षीसुद्धा मी दुसऱ्या दिवशी ताक करून ठेवलं," यमुना म्हणाली. "सवयीनं. मग आठवलं... त्यानंतर त्या पेचांकडे बघवेना मला."

मी विचारलं, "कुसुम चढली होती ते त्याला ठाऊक होतं?" यमुना म्हणाली, त्याच वर्षी सांगितलं होतं. तो स्टुलावरच उभा होता. ऐकून किवीवरून नुसता अंगठा फिरवत राहिला. मग म्हणाला, "मास्तर सांगंल की मला. तवर मला ठाऊक न्हाय असंच धरा, वैनी."

म्हणजे रस्त्यात माझ्या तोंडाकडे तो क्षणभर बघत थांबायचा तो त्यासाठी. तेरा वर्षं त्याला ते ठाऊक होतं आणि तेरा वर्षं तो माझ्या तोंडून ऐकायला थांबला होता. चार शब्दांचं काम होतं. लग्नातल्या त्या पंगतीतसुद्धा झालं असतं. मला फार लाज वाटते आहे, आणि हे इथं सगळ्यांसमोर लिहिण्यानं ती कमी होईल असं वाटत नाही.

शेजारून पेचकस मागून आणला. स्टुलावर चढलो. असलं काम मी जन्मात केलेलं नव्हतं. भिंतीतलं भोक नव्या चुन्यानं बुजलं होतं; ते नखानं उकरलं तेव्हा आत त्याची सागवानी गिट्टी लागली, तेलकट, गुळगुळीत, जराही न किडलेली. पेच दोनदा हातातून निसटून खाली पडला. कुसुमनं उचलून दिला. पहिला जरा वाकडाच बसला. दुसरा बरा बसला. खाली उतरलो, नातीला कडेवर घेतलं आणि दुसऱ्या हाताचा पंजा कपाटावर ठेवला, तो ठेवायचा तसा.

"सिद्राम," मी म्हणालो, "कुसुम चढली होती रे यावर. किवीनं धरलं."

कुसुमनं चमकून माझ्याकडे पाहिलं. मी जोर लावून कपाट हलवलं. ते हललं नाही.