नदीकाठची माझी म्हैस

हसणार असाल तर चहाचा कप आधी खाली ठेवा. असला गाढवपणा एखाद्या ड्रॉइंग मास्तरच्याच हातून होतो, आणि तो मास्तर मी!

कशेळ्याजवळच्या एका गावासाठी मी नदीकाठी सिमेंटची म्हैस बनवली होती. खरीएवढी मोठी, काळी, पाण्याशी बसलेली. बनवली आणि वर्षभर तिकडे फिरकलो नाही. परवा कळंबकडच्या एका सरपंचबाईंचा फोन आला. "मास्तर, आमच्या घाटावर बैलजोडी करायची हाय. आधी तुमची म्हस दाखवा, मंग ठरवू."

म्हणजे काम मिळणार की जाणार, ते सगळं म्हशीवर! इस्त्रीचा पांढरा सदरा चढवून मी बाईंना घेऊन गेलो.

काठावर दोन म्हशी, दोन्ही चिखलाने माखलेल्या. एकीच्या गळ्यात घुंगरू, शिंगांना तेल, आणि गावातल्या बारकीमावशी तिच्याशी लाडाने बोलत पाठीवर ओला चिखल थापत होत्या. दुसरी जरा लांब, एकटी, अगदी निश्चल. आता माझी कोणती, हे काय सांगायला हवं?

मी तडक त्या एकटीजवळ गेलो. "बाई, हा डोळा बघा! तीन आठवडे घातलेत याच्यावर. नाहीतर ती मावशींची म्हैस! खरी असून किती मख्ख! माझीत जीव आहे, जीव!" आणि दिली तिच्या पाठीवर एक सणसणीत थाप.

जीव होताच हो. ती उठली! शेपटीचा असा फटका हाणला की सदऱ्यावर आख्ख्या रायगडचा नकाशा उमटला.

"अवो मास्तर, आमच्या चंद्रीला कशाला मारता?" मावशी ओरडल्या. "तुमची म्हस ही हाय!"

मी जवळ गेलो आणि बघतच राहिलो. पलीकडच्या अंगाला चंद्रीचं रेडकू माझ्या सिमेंटला टेकून गाढ झोपलं होतं.

"उन्हानं तडकंल म्हनून रोज दुपारी लेप लावतो आमी," मावशी म्हणाल्या. "दिवाळीला गोठ्यातल्या म्हशींसंगं हिला बी ववाळलं."

मी सिमेंट थापून निघून गेलो होतो आणि या माणसांनी वर्षभर तिला घरच्यासारखं सांभाळलं होतं!

सरपंचबाई पदराआड हसत म्हणाल्या, "बैलजोडी तुमीच करा मास्तर. बनवणाऱ्यालाच वळखू आली नाय, म्हंजे काम फक्कड!"

झालं! मी लगेच फुगलो. म्हटलं, "बघितलंत मावशी? प्रत्यक्ष कलाकारसुद्धा फसतो!"

"आमची चंद्री बी फसली व्हती," मावशी चिखल थापत म्हणाल्या. "पयल्या दिवशी चाटत बसली हिला. पन सांजंपातूर कळलं बिचारीला. तिला कुनी सांगावं नाय लागलं."